निंबोळीतला रेणू, पावावरची बुरशी आणि एन्झाइमवाली केमिस्ट्री

मराठवाड्यात कापूस नाहीतर सोयाबीन लावणाऱ्या घरात निंबोळी अर्क कुणाला माहीत नाही असं होत नाही. कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातनं गाळायचं आणि पाच टक्क्याचा अर्क करून फवारायचं, अळी पान खायचं सोडते आणि तिची वाढ अडते. हे काम करणारा त्यातला मुख्य रेणू म्हणजे अझाडिरॅक्टिन. १९६८ मधे तो निंबोळीतनं वेगळा काढला, त्याची रचना नेमकी कशी आहे हे पक्कं व्हायला १९८५ उजाडलं, आणि तो प्रयोगशाळेत सुरुवातीपासून बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या ग्रुपला २२ वर्षं लागली. २००७ मधे जमलं. ७१ स्टेप्स, आणि एकूण यील्ड ०.०००१५ टक्के. म्हणजे रेणू मोजून बघितलं तर दहा लाख रेणू घेऊन निघालात तर शेवटाला एक-दोन रेणू हाती लागतात.

ले यांच्या ग्रुपनं केलेलं काम फार मोठं आहे, त्यात नवीन रिअ‍ॅक्शन्स शिकायला मिळाल्या, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण प्रश्न पडतोच की बांधावरचं लिंबाचं झाड हेच काम दरवर्षी नुसत्या पाण्यात, उन्हात उभं राहून कसं काय करतं? उत्तर एका शब्दाचं आहे, एन्झाइम, म्हणजे सजीवांच्या पेशीत रिअ‍ॅक्शन घडवणारं प्रोटीन. आणि हा लेख लिहायचं कारण असं की आपल्याकडं एमएस्सी ऑरगॅनिक करणारी पोरं एन्झाइम म्हणलं की "ते बायोकेमिस्ट्रीवाल्यांचं" म्हणून पान उलटतात. माझं म्हणणं आहे की जिथं केमिस्टचा हात पोचत नाही नेमकं तिथं एन्झाइम लावायचं, बाकीचं काम आपल्या नेहमीच्या केमिस्ट्रीनं करायचं, आणि हे शेवटी आठवलं म्हणून नाही तर रूट, म्हणजे रेणू बनवायचा रस्ता, आखतानाच ठरवायचं.

आधी अडचण काय असते ते बघू. अझाडिरॅक्टिनमधे ३५ कार्बन, ४४ हायड्रोजन आणि १६ ऑक्सिजन आहेत. त्यातले १६ कार्बन असे की त्यांना जोडलेले गट डावीकडं की उजवीकडं याच्यावर रेणू बदलतो, त्यांना स्टिरिओसेंटर म्हणतात. कागदावर हिशोब केला तर २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळी रूपं होऊ शकतात, आणि निंबोळीत त्यातलं एकच असतं. वर परत ऑक्सिजनवाले गट इतके जवळ जवळ की एकाला हात लावायला गेलं की शेजारचा पण रिअ‍ॅक्शन करून बसतो. नैसर्गिक रेणू बनवण्यातलं खरं दुखणं हेच आहे, रिअ‍ॅक्शन घडवता येत नाही असं नसतं, ती पाहिजे त्याच जागी घडवता येत नाही.

शेतातलं उदाहरण घ्या. सगळंच जाळणारं तणनाशक मारायचं असलं तर पिकावर उडू नये म्हणून नोझलला हूड लावावं लागतं, ओळीच्या मधनं जपून चालावं लागतं. ऑरगॅनिक केमिस्ट हेच करतो, जो गट वाचवायचाय त्याच्यावर प्रोटेक्टिंग ग्रुप चढवतो, मग रिअ‍ॅक्शन करतो, मग तो प्रोटेक्टिंग ग्रुप काढतो. चढवायची एक स्टेप, काढायची एक स्टेप, आणि दरवेळी माल थोडा थोडा कमी होत जातो. खुरपं घेऊन बसलेल्या बाईला हूड लागत नाही, पिकाच्या बुडाशी चिकटून आलेलं तण पण ती बरोबर ओळखून उपटते. एन्झाइम असं काम करतं.

कसं करतं तर एन्झाइम म्हणजे प्रोटीन, शेकडो अमिनो आम्लांची एक लांब साखळी जी स्वतःवरच घडी घालून एक ठराविक आकार घेते आणि त्या आकारात एक खाच तयार होते. रेणू त्या खाचेत एकाच पद्धतीनं बसू शकतो, त्यामुळं त्याची एकच बाजू, एकच कार्बन, रिअ‍ॅक्शन घडवणाऱ्या जागेसमोर येतो. दुसरे गट तेवढेच उतावळे असले तरी ते लांब पडतात. आणि यात जादू किंवा "जीवशक्ती" वगैरे काही नाही, हे १८९७ मधेच एडुआर्ड बुखनर यांनी दाखवलं होतं, यीस्टच्या पेशी चिरडून नुसता रस काढला तरी साखरेचं अल्कोहोल झालं, जिवंत पेशी लागली नाही. १९०७ चं नोबेल त्यांना त्याच्यासाठी मिळालं. मग १९२६ मधे जेम्स समनर यांनी अबईच्या जातीतल्या शेंगेच्या दाण्यातनं युरिएज नावाचं एन्झाइम स्फटिक स्वरूपात काढलं. हे युरिएज आपल्या सोयाबीनच्या दाण्यात पण असतं आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांत पण. युरिया टाकल्यावर मातीआड करा असं सांगतात ते याच्यामुळंच, उघड्यावर पडलेल्या युरियाचा युरिएज अमोनिया करतं आणि तो हवेत उडून जातो. नुसत्या पाण्यात युरिया असा आपोआप तुटायला कित्येक वर्षं लागतात, शेतात दोन-चार दिवसांत काम होतं. एन्झाइमचा वेग म्हणजे काय हे यातनं कळतं.

आता औषधांकडं येऊ, कारण हे सगळं नुसतं पुस्तकी नाही. 'पेनिसिलिन-जी' हे अँटिबायोटिक एक बुरशी बनवते. अ‍ॅमॉक्सिसिलिन करायचं असलं तर पेनिसिलिनच्या रेणूची एक बाजूची साखळी तोडायची, जो गाभा उरतो त्याला ६-एपीए म्हणतात, आणि त्याला दुसरी साखळी जोडायची. ऐकायला सोपं. पण त्या रेणूत तोडण्यासारखे अमाइड बाँड, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचे जोड, दोन आहेत, एक साखळीचा जो आपल्याला तोडायचाय आणि एक चार अणूंच्या कडीतला, ज्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. औषधाची सगळी ताकद त्या कडीत. आणि नेमकी तीच कडी ताणलेली असल्यामुळं आधी तुटते, साधं अल्कली घातलं की कडी फुटते आणि साखळी जिथल्या तिथं. मग केमिस्टनी रस्ता काढला, आधी आम्लाचा गट झाकायचा, मग डायक्लोरोमिथेनमधे उणे ४० अंशाच्या आसपास फॉस्फरस पेंटाक्लोराइड घालून साखळीचा बाँड वेगळ्याच मार्गानं उघडायचा. चालायचं ते, कारखान्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, पण तेवढी थंडी राखायची वीज, ते क्लोरीनवालं सॉल्व्हंट, तो सगळा कचरा!

पेनिसिलिन अ‍ॅसायलेज नावाचं एन्झाइम हेच काम पाण्यात, आपल्या अंगाच्या तापमानाच्या आसपास करतं. त्याच्या खाचेत 'पेनिसिलिन-जी'च्या साखळीचा बेंझिनवाला भाग बरोबर बसतो, म्हणून ते साखळीचाच बाँड तोडतं, ताणलेली कडी शेजारी असून तिला हात लावत नाही. हे एन्झाइम बारीक मण्यांवर बांधून ठेवतात, एक बॅच झाली की मणी गाळून घ्यायचे आणि पुढच्या बॅचला परत वापरायचे. आज जगात ६-एपीए जवळजवळ सगळं याच पद्धतीनं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या एन्झाइमवर बरंच काम झालेलं आहे, आणि संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत लागणाऱ्या पोरांना "ग्रीन केमिस्ट्रीचं उदाहरण सांगा" असं इंटरव्ह्यूला विचारलं तर मी म्हणेन हेच सांगा, सगळ्या बाजूंनी पक्कं उदाहरण आहे.

याच्या पण आधीची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १९४९-५० च्या सुमाराला कॉर्टिझोन हे संधिवातावर चमत्कारासारखं काम करतं असं दिसलं, १९५० मधे केंडल, राइकश्टाइन आणि हेंच यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण माल येणार कुठून? मर्क कंपनी गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून तीसपेक्षा जास्त स्टेप्स करून ते बनवत होती. अडकत कुठं होतं तर कॉर्टिझोनला स्टेरॉइडच्या ११ नंबरच्या कार्बनवर ऑक्सिजन लागतो, आणि तो कार्बन मधोमध असा बसलाय की त्याच्या आजूबाजूला केमिस्टला धरायला काहीच नाही, नुसते कार्बन आणि हायड्रोजन. १९५२ मधे अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीत पीटरसन आणि मरे यांनी दाखवलं की रायझोपस नावाची बुरशी प्रोजेस्टेरॉन हे स्टेरॉइड घेऊन एका झटक्यात ११ नंबरवर ऑक्सिजन बसवते. रायझोपस म्हणजे कोण, तर शिळ्या पावावर जी काळ्या ठिपक्यांची बुरशी येते ना त्याच कुळातली. प्रोजेस्टेरॉन तोवर मेक्सिकोतल्या रानकंदापासून स्वस्तात मिळायला लागलं होतं, केमिस्ट रसेल मार्कर यांची कृपा. म्हणजे कंद झाडाचा, त्यापासून प्रोजेस्टेरॉन करायची केमिस्ट्री माणसाची, मधली एक अवघड स्टेप बुरशीची, आणि पुढचं परत माणसाचं. कॉर्टिझोनचा भाव धाडकन खाली आला. आज त्वचेवर लावायच्या साध्या ट्यूबपासून दम्याच्या पंपापर्यंत जी स्टेरॉइड्स आहेत त्यांच्यामागं हाच विचार आहे.

त्या बुरशीत जे एन्झाइम होतं ते सायटोक्रोम पी४५० या घराण्यातलं. यांच्या खाचेत लोखंडाचा अणू असतो, तो हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि रेणूच्या निष्क्रिय वाटणाऱ्या कार्बन-हायड्रोजन बाँडमधे घुसवतो. आपल्या लिव्हरमधे पण हेच घराणं आहे, खाल्लेल्या गोळ्या तेच निकाली काढतं. झाडांनी तर या घराण्याचा पसारा इतका वाढवलाय की एकेका झाडात शेकडो पी४५० सापडतात, आणि झाडांचे रेणू इतके गुंतागुंतीचे असण्याचं एक मोठं कारण तेच.

आता केमिस्ट हे हत्यार मुद्दाम कसं वापरायलेत ते बघा. स्टीव्हिया माहीत असेलच, शुगरवाल्यांसाठी गोड पावडर मिळते ती. तिच्यातला स्टीव्हिओसाइड हा रेणू स्वस्त आणि किलोनं मिळणारा. केमिस्ट हान्स रेनाटा यांच्या ग्रुपनं २०२० मधे त्याच्यापासून निघून डायटर्पीन या वर्गातले नऊ वेगवेगळे नैसर्गिक रेणू बनवले, प्रत्येक दहा किंवा त्याहून कमी स्टेप्समधे. पद्धत अशी की स्टीव्हियाच्या रेणूचा सांगाडा तयारच आहे, त्याच्यावर ऑक्सिजन कुठं पाहिजे ते ठरवायचं, मग त्या जागेवर ऑक्सिजन बसवणारं एन्झाइम शोधायचं नाहीतर सुधारायचं, आणि एकदा तो ऑक्सिजन बसला की त्याला धरून सांगाडाच फिरवायचा, एका कुळातल्या रेणूचं दुसऱ्या कुळातल्या रेणूत रूपांतर करायचं, ते काम साध्या केमिस्ट्रीचं. यात एन्झाइम आणि केमिस्ट्री आलटून पालटून येतात, कोण मोठं कोण लहान असं काही नाही. मला हे काम म्हणूनच महत्त्वाचं वाटतं, यात रूटची आखणीच दोघांना डोक्यात ठेवून झालेली दिसते.

आणि लिंबाचं काय? अझाडिरॅक्टिन ज्या कुळातलं आहे त्याला लिमोनॉइड म्हणतात. झाड ते कसं बनवतं याचा माग काढायला संत्र्या-मोसंबीच्या कुळातली झाडं आणि बकाण लिंब घेऊन इंग्लंड-अमेरिकेतल्या ग्रुप्सनी काम केलं, २०२३ मधे त्यांनी २२ एन्झाइम शोधून दाखवली जी मिळून १२ प्रकारच्या रिअ‍ॅक्शन्स करतात आणि त्यातनं किहाडालॅक्टोन ए आणि अझाडिरोन हे दोन रेणू तयार होतात. अझाडिरोन हा अझाडिरॅक्टिनच्या वाटेवरचा आधीचा टप्पा समजा. ती एन्झाइम त्यांनी तंबाखूच्या कुळातल्या एका रोपाच्या पानात घालून बघितली आणि पानानं ते रेणू बनवले. पुढच्या पायऱ्या अजून बाकी आहेत, अझाडिरोनपासून अझाडिरॅक्टिनपर्यंत खूप ऑक्सिजन चढवायचे राहिलेत. पण ज्या झाडाखाली आपण लहानपणापासून निंबोळ्या वेचल्या त्याचं हे काम मराठवाड्यातल्या एखाद्या लॅबनं पुढं न्यावं असं मला मनापासून वाटतं, माल तर आपल्या दारात पडलाय.

आता कुणी म्हणेल की निसर्गातलं एन्झाइम निसर्गातल्याच रेणूसाठी बनलेलं, माझ्या फ्लास्कमधला रेणू थोडा वेगळा असला तर ते कशाला हात लावतंय? बरोबर आहे, बऱ्याचदा नाहीच लावत. याच्यावरचा उपाय अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी दाखवला. एन्झाइमच्या जीनमधे मुद्दाम आडव्यातिडव्या चुका घडवायच्या, हजारो नमुने तयार करायचे, त्यातला जो थोडं तरी बरं काम करतो तो निवडायचा, आणि त्याच्यावर परत तेच. आपली ज्वारीची, तुरीची चांगली वाणं निवड करत करतच आली, तत्त्व तेच, इथं पिढी दिवसांत होते एवढंच. १९९३ मधे त्यांनी पाण्यात काम करणारं एक एन्झाइम डायमिथाइलफॉर्ममाइड हे सॉल्व्हंट मिसळलेल्या द्रावणात काम करण्यासारखं करून दाखवलं, २०१८ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. कारखान्यातलं उदाहरण म्हणजे सिटाग्लिप्टिन, शुगरची गोळी, नैसर्गिक रेणू नाही पण धडा तोच. आधी तिच्या एका स्टेपला ऱ्होडियमसारखा महाग धातू आणि जास्त दाबाचा हायड्रोजन लागायचा. मर्क आणि कोडेक्सिस कंपनीनं असं एन्झाइम घेतलं जे सुरुवातीला त्या रेणूला अजिबात दाद देत नव्हतं, बदल करत करत त्याला असं घडवलं की लिटरला २०० ग्रॅम माल घालून ९९.९५ टक्के शुद्ध एकाच हाताचं, म्हणजे डाव्या-उजव्यातलं एकच, रूप मिळायला लागलं. २०१० ची गोष्ट.

सगळं गोड गोडच आहे असं मात्र नाही आणि ते सांगायला पाहिजे. ऑरगॅनिक रेणू बऱ्याचदा पाण्यात विरघळत नाहीत, मग प्रयोग इतक्या पातळ द्रावणात करावा लागतो की ग्रॅमभर मालासाठी ड्रमभर पाणी. पी४५० सारख्या एन्झाइमांना एनएडीपीएच नावाचा महागडा जोडीदार लागतो, तो दरवेळी विकत घालणं परवडत नाही म्हणून सोबत दुसरं एन्झाइम आणि ग्लुकोज घालून तोच परत परत ताजा करून घ्यावा लागतो. एन्झाइम गरम झालं की घडी उलगडते आणि काम संपतं. जीन मागवा, ई. कोलाय या जिवाणूमधे घाला, वाढवा, प्रोटीन शुद्ध करा, यात आठवडे जातात, सोडियम बोरोहायड्राइडसारख्या तयार रसायनाची बाटली उघडायला मिनिट पण लागत नाही.

आणि पैशाचं गणित तर वेगळंच. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे चीनमधल्या एका झाडापासून मिळतं, शास्त्रज्ञ 'तू यूयू' यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या जे कीसलिंग यांच्या ग्रुपनं त्या झाडाची एन्झाइम यीस्टमधे बसवली, २०१३ पर्यंत यीस्ट लिटरला २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल देऊ लागलं, त्याचं पुढं प्रकाश आणि ऑक्सिजन वापरून आर्टेमिसिनिन करायचं. शास्त्र म्हणून एक नंबर. पण तेवढ्यात शेतात पिकवलेल्या आर्टेमिसिनिनचा भाव इतका पडला की कारखान्यातला माल त्याच्यापुढं टिकला नाही. भाव पडणं म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. इथं एक गोष्ट नीट बोलायला पाहिजे, टाकीत बनलेला रेणू स्वस्त झाला की तेच पीक घेणाऱ्या शेतकऱ्याचं काय होणार, याचा विचार शास्त्रज्ञांनी आणि सरकारनं आधीच करायला पाहिजे, नंतर नाही.

तरी शिकणाऱ्यानं याला घाबरून लांब राहू नये. महागडी मशीन नसली तरी एक प्रयोग लातूर, नांदेड, परभणी कुठल्याही कॉलेजच्या लॅबमधे होण्यासारखा आहे आणि तो जुना, खात्रीचा आहे. इथाइल असिटोअ‍ॅसिटेट घ्या, ते प्रत्येक लॅबमधे असतंच. एका फ्लास्कमधे त्याचं सोडियम बोरोहायड्राइडनं रिडक्शन करा, म्हणजे हायड्रोजन चढवा, कीटोनचं अल्कोहोल होईल, पण डावं आणि उजवं रूप निम्मं निम्मं. दुसऱ्या फ्लास्कमधे कोमट पाणी, साखर आणि बेकरीत मिळणारं साधं यीस्ट घाला, फसफसायला लागलं की त्यात इथाइल असिटोअ‍ॅसिटेट थोडं थोडं सोडा आणि हळू हलवत दोन-तीन दिवस ठेवा. यीस्टमधली रिडक्टेज एन्झाइम तेच अल्कोहोल बनवतील पण बहुतांश एकाच हाताचं, एस रूपाचं. साखर त्यांना लागणाऱ्या त्या महागड्या जोडीदाराची सोय आपोआप करते, म्हणून इथं एनएडीपीएच विकत आणायचं काम नाही. काढताना त्रास होतो हे आधीच सांगतो, यीस्टच्या गाळानं फिल्टर तुंबतो, तेव्हा सेलाइट ही गाळायची पावडर टाकून गाळा, पाण्यात मीठ भरपूर विरघळवा आणि मग इथाइल अ‍ॅसिटेटनं तीन-चार वेळा ओढून घ्या, सेपरेटिंग फनेलमधे जोरात हलवू नका नाहीतर फेसाचा थर बसतच नाही. दोन्ही नमुने पोलरीमीटरवर लावा, साखर कारखान्याच्या लॅबमधे रसातली साखर ज्यावर मोजतात तेच यंत्र. बोरोहायड्राइडवाला शून्य दाखवेल, यीस्टवाला उजवीकडं वळवेल. किती वळला ते मोजा, शुद्ध एस रूपाच्या आकड्याशी भागाकार करा, म्हणजे आपलं यीस्ट किती टक्के नेमकं निघालं ते कळेल. मग साखर कमी-जास्त करून, इथाइल असिटोअ‍ॅसिटेट अजून सावकाश सोडून तो आकडा वाढतो का ते बघा, आणि आकडे वहीत तारखेनिशी लिहून ठेवा म्हणजे पुढच्या बॅचच्या पोरांना तिथूनच सुरू करता येईल.